फायरफॉक्स कोसळला तर: आधी पंचनामा, मग साफसफाई

फायरफॉक्स अचानक बंद पडला की पहिला सल्ला मिळतो तो 'काढून परत टाक' असा. हा सल्ला सहसा फुकट जातो. फायरफॉक्स काढला तरी तुमचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि बदललेली सेटिंग, डिस्कवर तसंच राहतं आणि नव्या फायरफॉक्सला पुन्हा चिकटतं. दुसरा सल्ला असतो 'रिफ्रेश फायरफॉक्स'चं बटण दाबण्याचा. त्याने बऱ्याचदा काम होतं, पण एक्स्टेन्शन आणि सेटिंग एकदम उडतात. मग नेमकं कशामुळे बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि दोन महिन्यांनी तोच त्रास परत दारात उभा राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पुरावा गोळा करा, मग कारण वेगळं करा, मग ही निव्वळ चूक आहे की सुरक्षेतलं भगदाड ते ठरवा आणि त्यानंतरच नोंद करा. साफसफाई सगळ्यात शेवटी.

एक सूचना आधीच. खाली 'अबाउट:क्रॅशेस' अशी नावं येतील. ती ॲड्रेस बारमध्ये रोमन लिपीत, मध्ये कोलन देऊन, स्पेस न सोडता टाइप करायची. फायरफॉक्सचा मेन्यू मराठीत ठेवला असला तरी ही नावं तीच राहतात.

१. हाताशी काय ठेवायचं

- फायरफॉक्सची नेमकी आवृत्ती. हेल्प मेन्यूतल्या 'अबाउट फायरफॉक्स'मध्ये दिसते. 'लेटेस्ट आहे' हे उत्तर चालत नाही, १३१.० आणि १३१.०.२ यांत काय फरक पडतो ते सातव्या पायरीत येईलच.
- अबाउट:सपोर्ट या पानावरची माहिती. वरच्या बाजूला मजकूर कॉपी करायचं बटण आहे. ती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवा आणि हे काही बदलण्याच्या आधी करा.
- क्रॅश आयडी (तिसरी पायरी).
- बगझिलावरचं खातं. बगझिला म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं चुका नोंदवायचं संकेतस्थळ. त्यासाठी वेगळा ईमेल काढलेला बरा, कारण तिथे लॉगिन केलेल्या इतरांना तुमचा ईमेल दिसू शकतो.
- कामापुरतं इंग्रजी. छोटी, तुटक वाक्यं चालतात.

२. हा खरंच क्रॅश आहे का?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक 'क्रॅश' म्हणतात.

पहिला खरा क्रॅश. यात एक तर पूर्ण खिडकी नाहीशी होऊन 'मोझिला क्रॅश रिपोर्टर'ची चौकट येते, नाहीतर एकच टॅब पांढरा पडून 'तुमचा टॅब कोसळला' असा निरोप दिसतो. फायरफॉक्स वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामांत) चालवतो, त्यामुळे एका साइटच्या चुकीने सगळं घर पडत नाही.

दुसरा हँग. खिडकी आहे, पण काही हलत नाही. याचा रिपोर्ट आपोआप तयार होत नाही. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं तर अबाउट:प्रोसेसेस उघडतं आणि कोणता टॅब किती सीपीयू खातोय ते दिसतं. लिनक्सवर गोठलेल्या फायरफॉक्सला टर्मिनलमधून 'किल' आज्ञेने 'एबीआरटी' सिग्नल दिला तर तो रिपोर्ट मागे ठेवून मरतो. नुसता फोर्स-क्विट केला तर हातात काहीच उरत नाही. हँगला कमी लेखू नका. १३ जानेवारी २०२२ रोजी जगभरातले फायरफॉक्स एकाच वेळी गोठले होते. सर्व्हरच्या बाजूला एचटीटीपी/३ (वेबवर माहितीची ने-आण करायची नवी पद्धत) सुरू झालं आणि फायरफॉक्सच्या कोडात एका हेडरच्या (माहितीबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीच्या) नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ होऊन तो अनंत लूपमध्ये अडकला. लोकांच्या मशीनवर त्या दिवशी काहीच बदललेलं नव्हतं. तेव्हा 'मी तर काही केलं नाही' हे वाक्य खरं असू शकतं.

तिसरी निव्वळ फसवणूक. पूर्ण पडदाभर लाल पान, भोंग्याचा आवाज, 'तुमचा ब्राउझर क्रॅश झाला आहे, या हेल्पलाइनवर फोन करा'. खरा क्रॅश रिपोर्टर कधीही फोन नंबर देत नाही, पैसे मागत नाही आणि रिमोट ॲप टाकायला सांगत नाही. टास्क मॅनेजरमधून फायरफॉक्स बंद करा आणि पुन्हा उघडल्यावर तो टॅब परत आणू नका. 'फायरफॉक्स अपडेट करा' म्हणत फाइल उतरवायला लावणारी पानंही याच जातकुळीतली. अपडेट फक्त 'अबाउट फायरफॉक्स'मधूनच घ्या. लिनक्सवर तुमच्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराच्या) पॅकेज मॅनेजरमधून.

३. क्रॅश आयडी काढा

अबाउट:क्रॅशेस उघडा. तिथे दोन याद्या असतात: न पाठवलेले आणि पाठवलेले रिपोर्ट. न पाठवलेल्यावर क्लिक करून तो पाठवा. मग त्याला 'बीपी-' ने सुरू होणारा लांबलचक आयडी मिळतो. आयडीचे शेवटचे सहा आकडे म्हणजे तारीख: २५०३१४ असेल तर १४ मार्च २०२५. चार-पाच क्रॅश झाले असतील तर सगळे आयडी लिहून ठेवा. ते एकाच जागी कोसळतात की दर वेळी वेगळीकडे, हीच पुढची सगळ्यात मोलाची खूण आहे.

इथे दोन सापळे आहेत.

रिपोर्टबरोबर शेरा लिहायची जागा असते. तिथे नाव, फोन, खातेक्रमांक असलं काही लिहू नका. तो मजकूर फक्त तुमच्या आणि एका अभियंत्याच्या मध्ये राहील असं धरून चालू नका. 'पानाचा पत्ता जोडा' ही खूण बँकेच्या किंवा दवाखान्याच्या पानावर क्रॅश झाला असेल तर काढा.

दुसरा सापळा म्हणजे 'क्रॅश रिपोर्ट्स' फोल्डरमधली डंप फाइल उचलून सार्वजनिक नोंदीला जोडणं. डंप म्हणजे कोसळतानाच्या मेमरीचे तुकडे. त्यात तुम्ही नुकताच टाइप केलेला मजकूरही असू शकतो. आयडी पुरतो, फाइल द्यायची गरज नाही.

यादी रिकामीच असेल तर? लिनक्सवर मेमरी संपली की कर्नल (सिस्टीमचा गाभा) थेट प्रोसेस मारतो आणि रिपोर्टरला जागं व्हायलाही वेळ मिळत नाही. सिस्टीमच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. काही डिस्ट्रोंच्या बिल्डमध्ये (त्यांनी स्वतः तयार केलेल्या फायरफॉक्सच्या प्रतीत) क्रॅश रिपोर्टर बंदच ठेवलेला असतो. अशा वेळी मोझिलाची स्वतःची बिल्ड उतरवून तीच कृती पुन्हा करून बघा.

४. रिपोर्ट वाचा

पाठवलेल्या आयडीवर क्लिक केलं की मोझिलाच्या क्रॅश-स्टॅट्सवरचं पान उघडतं. पहिल्यांदा बघताना छाती दडपते, पण नवख्याला त्यातल्या पाच-सहा ओळीच पुरतात.

*सिग्नेचर.* क्रॅशचं आडनाव म्हणा. एकाच जागी कोसळणाऱ्या सगळ्यांची सिग्नेचर सारखी असते. ती 'ओओएम' ने सुरू होत असेल तर मेमरी संपली होती. 'शटडाउनहँग' असेल तर फायरफॉक्स बंद होताना अडकला आणि पहारेकऱ्याने त्याला मारलं. तुम्हाला कदाचित काही जाणवलंही नसेल.

*अपटाइम.* सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी कोसळला. २-३ सेकंद असेल तर वेबपेजवर संशय घेण्यात अर्थ नाही. प्रोफाइल, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस बघा.

*बिल्ड आयडी.* चौदा आकडे: वर्ष, महिना, दिवस, मग वेळ. बिल्ड वर्षभर जुनी असेल तर पुढे काही करण्याआधी अपडेट करा. विंडोज ७, ८ आणि ८.१ वाल्यांना ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) हीच शेवटची मालिका आहे. तिथे 'नवी आवृत्ती टाका' हा सल्ला लागू पडत नाही.

*क्रॅश ॲड्रेस.* प्रोसेसर मेमरीच्या कोणत्या पत्त्यावर अडखळला. याकडे सातव्या पायरीत परत येऊ.

*क्रॅशिंग थ्रेड.* फंक्शनांची उतरंड. नवखे सगळ्यात वरच्या ओळीला गुन्हेगार ठरवतात. ती बऱ्याचदा निव्वळ 'मेमरी दे' किंवा 'थांब' म्हणणारी मधली नोकरमाणसं असतात. खाली उतरा आणि ओळखीचं नाव येतं का बघा: प्रिंटिंग, फॉन्ट, व्हिडिओ, ग्राफिक्स ड्रायव्हर.

*मॉड्यूल्स.* विंडोजवर अँटिव्हायरस, स्क्रीन रेकॉर्डर, कीबोर्ड सॉफ्टवेअर असली मंडळी स्वतःच्या डीएलएल (प्रोग्रामला जोडायच्या कोडच्या फाइल) फायरफॉक्समध्ये घुसवतात. अबाउट:थर्ड-पार्टी या पानावर त्यांची हजेरी दिसते आणि बऱ्याचशा तिथूनच अडवता येतात. एकेक अडवा, फायरफॉक्स पुन्हा सुरू करा, बघा.

पाच क्रॅशच्या पाच वेगळ्या सिग्नेचर, एकमेकींशी काही संबंध नाही, आणि दुसरी सॉफ्टवेअरंही अधूनमधून मरतात? मग ब्राउझरला दोष देण्याआधी रॅम तपासा. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक निघाली तरी रॅमची पट्टी बदलायची. तोवर बगझिलाकडे फिरकू नका.

५. कारण वेगळं करा

हेल्प मेन्यूत 'ट्रबलशूट मोड' आहे (पूर्वी त्याला 'सेफ मोड' म्हणत). फायरफॉक्स उघडतच नसेल तर विंडोजवर शिफ्ट आणि मॅकवर ऑप्शन दाबून धरत उघडा.

सर्वाधिक चुका इथेच होतात. ट्रबलशूट मोडमध्ये क्रॅश थांबला की लोक निकाल देतात: 'एक्स्टेन्शनची चूक.' पण हा मोड एक्स्टेन्शनबरोबर हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं), फायरफॉक्सचं रूप बदलायला केलेली तुमची सीएसएसची कलाकुसर आणि जावास्क्रिप्टला वेग देणारा जेआयटी कंपायलरही बंद करतो. म्हणजे क्रॅश थांबला तर संशयित किमान चार. त्यांना एकेक करून उभं करा:

अ) नेहमीच्या मोडमध्ये परत या. सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'परफॉर्मन्स' शोधा. शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढली की खाली हार्डवेअर ॲक्सेलरेशनची खूण दिसते. फक्त तीच काढा, पुन्हा सुरू करा. क्रॅश थांबला तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा आणि खूण परत लावून तपासा. ती कायमची काढून ठेवणं म्हणजे दुखणं लपवणं. व्हिडिओ बघताना सीपीयू तापेल तो वेगळाच.

आ) तरी होतंय? सगळी एक्स्टेन्शन बंद करा. मग अर्धी चालू करा. क्रॅश आला तर दोषी या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. १६ एक्स्टेन्शन असतील तर चार फेऱ्यांत नाव कळतं. एकेक करत बसलात तर सोळापर्यंत जाल.

इ) अबाउट:प्रोफाइल्समधून नवं, कोरं प्रोफाइल बनवा आणि त्यात तीच कृती करा. कोऱ्या प्रोफाइलमध्येही कोसळत असेल तर उत्तम (तुमच्यासाठी नाही, नोंदीसाठी): चूक फायरफॉक्सची किंवा मशीनची, तुमच्या सेटिंगची नव्हे. प्रोफाइल बनवताना जुनं डिलीट करायचा प्रश्न समोर आला तर 'फाइल्ससकट डिलीट' अजिबात दाबू नका; पासवर्ड त्यातच आहेत.

६. कधीपासून बिघडलं?

'मागच्या महिन्यापर्यंत नीट होतं' असं ठामपणे सांगता येत असेल तर मोझरिग्रेशन वापरा. कोणत्या बदलाने बिघाड आला ते शोधणारं हे साधन. पायथनच्या पिपने येतं, खिडकीवालं रूपही मिळतं. त्याला एक चांगली आणि एक बिघडलेली तारीख किंवा आवृत्ती द्यायची. ते मधली बिल्ड उतरवून वेगळ्या प्रोफाइलमध्ये उघडतं, तुम्ही क्रॅशची कृती करायची आणि 'गुड' किंवा 'बॅड' सांगायचं. चार महिन्यांची, म्हणजे १२० दिवसांची मुदत सात बिल्डमध्ये एका दिवसावर येते, आणि पुढे बहुधा मोजक्या बदलांपर्यंत. दर बिल्डला डाउनलोड असतो, त्यामुळे मोबाइल डेटावर हे करू नका. शेवटी मिळालेली बदलांची लिंक नोंदीत टाका. अभियंत्याचा दिवसभराचा शोध त्याने वाचतो आणि तुमची नोंद थेट योग्य माणसाकडे जाते.

७. ही सुरक्षेची चूक आहे का? सार्वजनिक करण्याआधी ठरवा

प्रत्येक क्रॅश धोकादायक नसतो. क्रॅश ॲड्रेस शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा असेल तर कोडाने रिकाम्या पॉइंटरला (कुठलीच मेमरी न दाखवणाऱ्या पत्त्याला) हात घातला. ब्राउझर पडतो, पण हल्लेखोराच्या हाती सहसा काही लागत नाही.

मात्र पत्त्यात ई५ई५ई५ई५ अशी पुनरावृत्ती दिसली तर थांबा. फायरफॉक्स मेमरीचा तुकडा मोकळा करताना त्यात मुद्दाम ई५ भरून ठेवतो. तो आकडा क्रॅशमध्ये येणं म्हणजे सोडून दिलेली मेमरी कोणीतरी परत वापरली. भाडेकरूने खोली सोडली, पण जुनी चावी त्याच्याकडेच राहिली. मधल्या काळात त्या खोलीत हल्लेखोराने स्वतःचं सामान मांडलं तर? ६४ बिटच्या मशीनवर अशा वेळी खरा पत्ता न दिसता सगळे एफ दिसू शकतात, तेव्हा नुसत्या ई५ न दिसण्यावर निश्चिंत होऊ नका.

९ ऑक्टोबर २०२४ ला आलेली १३१.०.२ ही आवृत्ती याच जातीच्या चुकीसाठी होती. सुरक्षेतल्या चुकांच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-९६८०: वेबपेजच्या ॲनिमेशन टाइमलाइनमध्ये सोडलेल्या मेमरीचा पुनर्वापर. ईसेट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकाने ती कळवली तेव्हा तिच्यावर प्रत्यक्ष हल्ले सुरू होते. मोझिलाने सुमारे २५ तासांत दुरुस्ती बाहेर काढली आणि ईएसआरवाल्यांसाठी १२८.३.१ व ११५.१६.१ दिल्या. १३१.० वर थांबलेला माणूस 'माझं लेटेस्टच आहे' म्हणत उघडा राहिला.

क्रॅश नसतानाही चूक सुरक्षेची असू शकते: ॲड्रेस बारमध्ये एक साइट आणि पानावर दुसरीच, एका साइटला दुसरीचा डेटा दिसणं, परवानगी न विचारता कॅमेरा सुरू होणं. उलट, 'माझ्या लॅपटॉपवर बसलेल्याला माझे पासवर्ड दिसतात' ही सहसा या सदरात बसत नाही. त्यावर इलाज प्रायमरी पासवर्ड.

संशय असेल तर बगझिलावर नोंद करताना 'ही सुरक्षेची समस्या आहे, सुटेपर्यंत लपवून ठेवा' अशा अर्थाची चौकट असते. तिच्यावर खूण करा. मग नोंद फक्त तुम्हाला आणि सुरक्षा गटाला दिसते. खूण उगाच केली असेल तर ते ती काढतात, कोणी रागावत नाही. राहून गेली तर मात्र हल्ल्याची कृती चव्हाट्यावर येते. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर, एक्सवर, कुठेही चाचणी फाइल टाकू नका. मोझिला अशा चुकांना २००४ पासून बक्षीस देतं: सुरुवातीला ५०० डॉलर, २०१० मध्ये ३,००० डॉलरपर्यंत, पुढे आणखी. पण आधीच जाहीर केलंत तर त्यावर पाणी सोडावं लागू शकतं.

मराठी बातम्यांत अधूनमधून 'फायरफॉक्स वापरणाऱ्यांना सरकारचा इशारा' असा मथळा येतो. तो बहुधा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या सूचनेवरून असतो. मूळ सूचनेत 'अमुक आवृत्तीच्या आधीच्या' असा आकडा दिलेला असतो. तुमचा आकडा त्याहून मोठा किंवा तितकाच असेल तर काम झालं. ब्राउझर काढून टाकायची गरज नाही.

८. नोंद करा

आधी सिग्नेचर बगझिलावर शोधा. क्रॅश-स्टॅट्सच्या पानावरच संबंधित नोंदी दिसतात. उघडी नोंद सापडली तर नवी करू नका. तिथे तुमचा आयडी आणि कृती लिहा. 'मलाही होतंय' एवढंच लिहिणाऱ्यांची तिथे कमी नाही.

नवी करायची तर प्रॉडक्ट 'फायरफॉक्स' निवडा. कंपोनंट (फायरफॉक्सचा कोणता भाग) माहीत नसेल तर 'अनट्रायएज्ड', म्हणजे वर्गवारी न झालेलं. अंदाजपंचे निवडू नका. सिग्नेचर तिच्या खास रकान्यात, चौकोनी कंसात, सुरुवातीला ॲटचं चिन्ह देऊन लिहायची. मग कृती. 'पीडीएफ छापताना कधीकधी बंद पडतो' याचा उपयोग शून्य. असं लिहा:

१) कोऱ्या प्रोफाइलमध्ये जोडलेली फाइल उघडा.
२) कंट्रोल-पी दाबा.
३) कागदाचा आकार ए४ वरून लीगल करा.
प्रत्यक्षात: टॅब कोसळतो, १० पैकी १० वेळा.
अपेक्षित: प्रिव्ह्यू बदलतो.

१० पैकी ३ वेळा होत असेल तर तसंच लिहा. लाज नाही त्यात. वेबपेजमुळे क्रॅश होत असेल तर पान साठवून त्यातला मजकूर अर्धा-अर्धा काढत जा. वीस ओळींच्या फाइलवर क्रॅश आणता आला तर नोंदीचं वजन कितीतरी वाढतं.

देवनागरीवर कोसळत असेल तर स्क्रीनशॉट पुरत नाही. 'दर्‍या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त, य असा, किंवा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर, मग य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत कोडपॉइंट (अक्षरांचे संगणकातले क्रमांक) वेगळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या 'ज्ञा' या जोडाक्षराने आयफोनची ॲप पाडली, तेव्हा त्या अक्षरसाखळीतही असाच एक अदृश्य नॉन-जॉइनर होता. ॲपलने आयओएस ११.२.६ मध्ये ती चूक दुरुस्त केली. कॉपी-पेस्टमध्ये ही अदृश्य अक्षरं गळतात. म्हणून मजकूर यूटीएफ-८ टेक्स्ट फाइल म्हणून जोडा आणि फॉन्टचं नाव सांगा.

९. नोंदीनंतर

ईमेलवर लक्ष ठेवा. कोणी 'नीडइन्फो' (माहिती हवी) असा शेरा लावला तर चेंडू तुमच्या कोर्टात आहे. उत्तर दिलं नाही तर काही आठवड्यांनी नोंद 'इनकम्प्लीट' म्हणून बंद होते. 'वर्क्सफॉरमी' आलं तर चिडू नका. त्यांच्या मशीनवर होत नाही एवढाच अर्थ. अबाउट:सपोर्टमधला ग्राफिक्सचा भाग पुन्हा डकवा. 'डुप्लिकेट' आलं तर मूळ नोंदीच्या सीसीमध्ये स्वतःला घाला.

'फिक्स्ड' म्हणजे दुरुस्ती तुमच्या मशीनवर आली असं नाही. ती आधी नाइटलीत, म्हणजे रोज नव्याने बनणाऱ्या चाचणी आवृत्तीत जाते. नोंदीत कोणती आवृत्ती लिहिली आहे ते बघा, नाइटली वेगळी टाका (ती नेहमीच्या फायरफॉक्सशेजारी सुखाने राहते) आणि तुमचीच कृती दहा वेळा करून निकाल नोंदीत लिहा. आता 'रिफ्रेश फायरफॉक्स' दाबायचं असेल तर खुशाल दाबा. जुनं प्रोफाइल डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' या फोल्डरमध्ये जातं, ते महिनाभर तरी उडवू नका.